रंजक पेटते, पण बार होत नाही: चकमकीच्या रायफलचं नेहमीचं दुखणं

चाप ओढला, घोडा पडला, ठिणग्या उडाल्या, पॅनमधली रंजक भस्सकन पेटली, नाकासमोर पांढरा ढग आला आणि पुढे काहीच नाही. नळीतली दारू आणि गोळी जिथल्या तिथे. (रंजक म्हणजे नळीबाहेरच्या पॅनमध्ये, एका छोट्या वाटीत, घालायची पेटवणीची बारीक दारू.) चकमकीची ठासणीची रायफल चालवणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. बहुतेकांचा पहिला संशय चकमकीवर जातो. मग महागातली काळी ब्रिटिश चकमक मागवली जाते, घोड्याच्या जबड्यातलं कातडं बदललं जातं, लॉक, म्हणजे घोडा-स्प्रिंगची यंत्रणा, उघडून स्प्रिंगला तेल दिलं जातं. दुखणं मात्र तसंच राहतं.

रंजक पेटली याचा अर्थ लॉकने आपलं काम चोख केलं. पॅनपासून नळीतल्या दारूपर्यंतचं अंतर असतं पाव इंचाच्या आसपास. घोळ तेवढ्यातच आहे: कानात, नाहीतर कानाच्या लगेच आत, नळीच्या बुडाशी. (कान म्हणजे पॅनशेजारी नळीला पाडलेलं बारीक भोक; रंजकेची आग त्यातून आत जाते.) तेव्हा लॉकला हात लावू नका.

त्याऐवजी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: बार कितवा अडतो? दिवसातला पहिलाच अडतो, की तीन-चार बार छान होऊन मग अडतो, की कधीही अडतो आणि होतो तेव्हाही रेंगाळत होतो? या तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. लोक सगळे उपाय एकदम करतात आणि मग नेमकं कशाने बरं झालं ते कळत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

पण आत्ता हातातली रायफल भरलेली आहे

म्हणून आधी तिचं बघू. बार झाला नाही म्हणून रायफल खाली घेऊ नका. कानात किंवा बुडाशी एखादी ठिणगी धुमसत असली तर बार उशिरानेही होतो. नळी निशाणाकडेच ठेवून पूर्ण मिनिटभर थांबा. दोन मिनिटं थांबलात तर आणखी चांगलं. लॉकच्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताच्या रायफलला उजवीकडे, कुणालाही उभं राहू देऊ नका. कानातून निघणारी झळ आडवी जाते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

मग फ्रिझन (पॅनवरचं पोलादी झाकण, चकमक त्याच्यावर आपटते) उघडून घोडा अर्ध्या खटक्यावर घ्या, बारीक तारेच्या टोचणीने कान मोकळा करा, पॅन पुसा, नवी रंजक घाला आणि पुन्हा बार करून बघा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. दोनदा करूनही झालं नाही, तर पॅन रिकामी ठेवून बारीक दारूचे थोडे दाणे टोचणीने कानातून आत सरकवा. दारू घालायचीच विसरून नुसती गोळी ठासली असेल तरी उपाय हाच. त्यानंतर एक गोष्ट टाळू नका: रंजक घालण्याआधी गज (ठासायची दांडी) घालून गोळी बुडातल्या दारूवर घट्ट बसली आहे ना ते तपासा. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फाटूही शकते. गजावर दोन खुणा कायमच्या करून ठेवाव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक तुमच्या नेहमीच्या भरणीची. नळीत काय आहे हे त्या खुणांवरून कळतं. नळीच्या तोंडात डोकावून बघायचं नसतं.

पहिलाच बार अडतो: तेल

रायफल धुतली, पुसली, गंज धरू नये म्हणून नळीत तेल फिरवलं आणि कपाटात तोंड वर करून उभी केली. तेल हळूहळू खाली उतरतं आणि बुडाशी साचतं. पुढच्या वेळी त्यावर दारू ओतली की तळाच्या दाण्यांचा चिखल होतो, आणि नेमके तेच दाणे कानाच्या मागे बसलेले असतात. रंजकेची आग तिथवर पोचते, पण पेटायला कोरडं काही मिळत नाही.

हे दुखणं सगळ्यात जास्त नडतं शिकाऱ्याला. पेनसिल्व्हेनियात 1974 पासून नाताळानंतर हरणांचा एक खास हंगाम असतो आणि त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. टोपीची (चकमकीऐवजी स्फोटक टोपी फोडून पेटणारी) ठासणीचीही नाही. बर्फात दिवसभर बसल्यावर हरीण समोर येतं तेव्हा पहिला बार हाच एकुलता बार. निशाणाच्या मैदानावर ‘एक फुकट गेला, पुढचा लागेल’ म्हणता येतं, तिथे नाही.

ओळखीतल्या एकाची किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, जोडलेली .50 इंच नळीची रायफल अशीच. पहिला बार हमखास अडायचा, पुढचे सगळे खणखणीत. गृहस्थ भलतेच टापटिपीचे. नळी पांढरीशुभ्र चिंधी निघेपर्यंत पुसणार. नळी रिकामी असल्याची गजाने खात्री करून आम्ही बोटाएवढा बॅटरीचा दिवा आत सोडला. नळी आरशासारखी चकचकीत, पण तळाशी एक काळं कडं दिसलं आणि त्या कड्याच्या आत आणखी खाली गेलेली अरुंद विहीर. कारखान्यात बनलेल्या बऱ्याच रायफलींना असं बूड असतं: नळीपेक्षा कमी व्यासाची छोटी कोठी, आणि कान उघडतो तो तिथे. .50 चा जॅग (गजाच्या टोकाचा, चिंधी धरणारा तुकडा) त्या कड्याला टेकला की थांबतो. गजाला वाटतं तळ लागला. म्हणजे एवढं घासूनपुसून नळी साफ व्हायची आणि खरी जागा आयुष्यात कधी पुसलीच गेली नव्हती. .30 च्या ब्रशवर पातळ चिंधी गुंडाळून आत घातली, तर बाहेर आली ती तपकिरी वंगणाने माखून, वर कुजक्या अंड्याचा वास. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या चिंध्या फिरवत राहिल्यावर कुठे पांढरी निघाली. त्यानंतर पहिला बार अडल्याचं ऐकलेलं नाही.

तुमच्या रायफलीचं बूड सपाट आहे की कोठीचं, ते एकदा पाहून घ्या. नवं किट घेणार असाल तर माझं मत विचाराल तर सपाट बुडाचंच घ्या. लँकेस्टरच्या जेकब डिकर्टसारख्या अठराव्या शतकातल्या कारागिरांच्या लांब रायफलींचं बूड सपाटच असे, आणि पुसायला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

बाकी उपाय साधे. साफ केलेली रायफल तोंड खाली करून ठेवा. मैदानावर किंवा रानात निघण्याआधी अल्कोहोलची एक चिंधी आणि मग एक कोरडी चिंधी बुडापर्यंत न्या, तळाशी क्षणभर दाबून धरा, बाहेर काढून मधला भाग पाहा. पिवळट ओला ठिपका दिसला तर अजून तेल आहे. मग नळी रिकामी ठेवून नुसती पॅनभर रंजक एकदा सुरक्षित दिशेला उडवा. कानातली उरलीसुरली ओल तीच सुकवते.

दोन-चार बार होतात, मग अडतो: मळी

काळी दारू पूर्ण जळून जात नाही. वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे राहतो, त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. जुलैतल्या दमट दुपारी बार झाल्यावर पॅनकडे बघत राहा: राखाडी भुकटी बघता बघता काळी पडते, मग चकाकते, मग तिचा अक्षरशः रस्सा होतो. पॅनमध्ये दिसतं तेच कानात आणि बुडाशी होत असतं. त्या रश्शावर तुम्ही कोरडी रंजक घालता, ती खालून भिजते, वरचा थर तेवढा पेटतो.

म्हणून प्रत्येक बारानंतर पॅन आणि फ्रिझनचा दर्शनी भाग कापडाने पुसायचा, चकमकीची धार अंगठ्यात धरलेल्या चिंधीने पुसायची, कानात टोचणी फिरवायची. इथपर्यंत बहुतेक जण करतात. तरीही अडतं, आणि त्याचं कारण बरेचदा त्यांची नळी पुसण्याची पद्धत असते.

दोन बारांच्या मधे ओली चिंधी फिरवणारे पुष्कळ. चिंधी निथळती असेल आणि जॅग नळीत घट्ट बसणारा असेल, तर खाली जाताना ती सगळी मळी पुढे ढकलत नेते. पिचकारीचा दट्ट्या दाबावा तसं होतं: तळाशी पोचल्यावर त्या चिखलाला बाहेर पडायला एकच वाट उरते, ती कानाची. म्हणजे नळी पुसून तुम्ही कान बुजवलात. वर ‘मी तर प्रत्येक बाराला साफ करतो’ हे समाधान.

जॅग किंचित बारीक हवा, म्हणजे खाली जाताना चिंधी मळीवरून सरकत जाते आणि वर येताना गोळा होऊन तिला ओढून आणते. चिंधी दमट हवी, ओली नको. बोटांत पिळल्यावर थेंब पडता कामा नये. एकदा सावकाश खाली, एकदा वर, बस. तळाशी खालीवर ठोकत बसायचं नाही. पुसताना कानात पिसाची दांडी खोचून ठेवली तर चिखलाची वाटच बंद होते. शेवटी कोरडी चिंधी, मग टोचणी.

खरं तर चिंधी फिरवायची वेळच येऊ न देणं उत्तम. .50 च्या नळीला .490 ची गोळी आणि गादीच्या जाड पट्ट्यापट्ट्यांच्या सुती कापडाचा .015 ते .018 इंचाचा पॅच (गोळीभोवती गुंडाळायचा तुकडा), त्याला पाण्यावर आधारलेलं वंगण, असं जुळलं की प्रत्येक नवी गोळी आत जाताना मागची मळी स्वतःच पुसत जाते. पॅच फार पातळ असला तर हे होत नाही. शिकारीला मात्र हे पाणीदार वंगण नको. गोळी तासन् तास भरलेली राहते आणि पॅचमधली ओल दारूत उतरते. तिथे मेण आणि चरबीचं मिश्रण बरं.

आणखी एक, घाई असली तरी: दारू ठेवायच्या शिंगातून ती थेट नळीत कधीच ओतायची नाही. बुडाशी निखाऱ्याचा कण राहिला असला तर हातातलं अख्खं शिंग पेटेल. शिंगातून मापात, शिंगाचं बूच बंद, मग मापातून नळीत.

पिसाची दांडी

वर तिचा उल्लेख आला, तर तिच्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण या सगळ्या दुखण्यांवर तिच्यासारखं निदान नाही आणि ती फुकट मिळते. टर्कीच्या पंखातलं मोठं पीस घ्या, दोन्ही बाजूंचे केस खरवडून काढा, नुसती दांडी ठेवा. टोक निमुळतं असतंच. ती कानात हलकेच अडकेल इथपर्यंत सरकवायची आणि मगच दारू ओतून गोळी ठासायची. दारू दांडीभोवती बसते. रंजक घालायच्या आधी दांडी उपसली की कानाच्या मागे दारूत छोटासा बोगदा राहतो, आणि रंजकेची आग एकदम आत घुसते.

उपसलेल्या दांडीचं टोक पाहा. कोरडं आणि राखाडी धुळीचं असेल तर बार होणार. काळं, ओलं, बोटाला चिकटणारं असेल तर मळी आहे. चकचकीत असेल आणि कागदावर टेकवल्यावर पारदर्शक डाग पडला तर तेल. चाप ओढायच्या आधीच उत्तर हातात.

टोचणीही घरी बनते. पितळेची सव्वा मिलिमीटरच्या आतली तार, एका टोकाला पीळ देऊन कडी, दुसरं टोक कानशीने गोल करून घासलेलं. पोलादी ड्रिलचं पातं टोचणी म्हणून वापरू नका. प्रत्येक वेळी ते कानाची कड थोडी थोडी खात राहतं. डुकराच्या राठ केसांचा छोटा ब्रश करून तोही टोचणीबरोबर साखळीने झोळीच्या पट्ट्याला अडकवा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या शिपायांच्या अंगावर अशीच जोडी असे.

कधीही अडतो, आणि होतो तो ‘फुस्स... धाड’: कानाची घडण

आधी पॅनमधली रंजक कमी करून बघा. पॅन काठोकाठ भरली की रंजक कानात शिरते, आणि मग आग झेप न घेता वातीसारखी दाण्यामागून दाणा जळत जाते. रेंगाळणारा बार तो हाच. तिसरा हिस्सा ते निम्मी पॅन पुरे, आणि कान वरून मोकळा दिसला पाहिजे. रंजक कानापासून लांब, पॅनच्या बाहेरच्या काठाशी ढकलावी असं सांगणारे जुने लोक भेटतात. मला ते पटत नाही. आग कानाच्या जितकी जवळ तितकी बरी. फक्त कान गाडला जाऊ नये.

तरीही रेंगाळत असेल तर कान मोजा. साधारण 1/16 इंच, म्हणजे 1.6 मिलिमीटर, इथून सुरुवात असते. त्याहून बारीक असेल तर वाढवावा, पण बेताबेताने: आधी .070 इंच, बार करून बघा, फारच लागलं तर 5/64, म्हणजे 2 मिलिमीटर. तिथे थांबा. त्यापुढे कानातून इतका वायू निसटतो की गोळीचा जोर घटतो आणि शेजाऱ्याच्या गालाला झळ लागते. भोक आधीच मोठं झालं असेल तर नवा लायनर (कान पाडलेली, नळीत बसवायची धातूची पुंगळी) बसवून घ्या. कान झिजतो हे जुन्यांनाही ठाऊक होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून उंची इंग्लिश बंदुकांच्या कानाला सोन्याचं आणि पुढे प्लॅटिनमचं अस्तर लावलं जाई.

व्यासापेक्षाही लांबी नडते. नळी जाड असेल आणि भोक सरळ पाडलेलं असेल तर तो लांब बोगदा होतो. म्हणून आतून नरसाळ्याच्या आकारात खोदलेला लायनर बसवतात: बाहेर बारीक, आत रुंद. दारू त्या रुंद भागात येऊन बसते, अगदी बाहेरच्या पातळ कडेपर्यंत.

किट जोडताना कानाची जागा चुकली असेल तर मात्र गज-चिंधीने काही होणार नाही. फ्रिझन मिटल्यावर पॅनची वरची कड जिथे येते, कानाचा मध्य साधारण त्या रेषेवर हवा. फार खाली गेला तर रंजकेत बुडतो. आणि बुडाच्या प्लगचं (नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या बुचाचं) तोंड कानाच्या मागे संपलं पाहिजे. प्लगने अर्धा कान झाकला असेल तर दिवा आत सोडल्यावर कानातून चंद्रकोरीएवढाच उजेड बाहेर येतो. ते दिसलं तर रायफल जाणत्या कारागिराकडे द्या. प्लग काढणं हे घरच्या पान्याचं काम नाही.

दारू आणि पाऊस

दारूचा दाणा F ने सांगतात, आकडा मोठा तितका दाणा बारीक. पॅनमध्ये 4F, नळीत .50 आणि त्याखालच्या व्यासाला 3F. मोठ्या व्यासाला 2F चालते, पण चकमकीला तिच्यावरही बार रेंगाळत असेल तर शिफारशीच्या मापाने 3F करून बघा. पायरोडेक्ससारखे काळ्या दारूचे पर्याय जास्त तापमानाला पेटतात; ते टोपीच्या बंदुकीसाठी. चकमकीच्या रायफलीत ते घालून ‘बार होत नाही’ म्हणणारे भेटतात, त्यांना खरी काळी दारू घ्या एवढंच सांगावं. बिनधुराची आधुनिक दारू चिमूटभरही नाही, कधीच नाही, नळी फुटते.

पावसात, बर्फात रंजक अर्ध्या तासाने बदला, ती कोरडी वाटत असली तरी. लॉकवर मेण-चरबी चोपडलेल्या कातड्याची टोपी बांधतात. वासराच्या गुडघ्याचं कातडं मूळचंच फुगीर असल्याने लॉकवर नीट बसतं. पॅनच्या कडेला मेणाची बारीक रेघ ओढली तरी बराच फरक पडतो.

कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी हे सगळं त्यांना लावू नये. त्या बहुधा टोपीच्या. तिथे टोपी फुटूनही बार झाला नाही तर निपलचं (टोपी बसते त्या नळकांडीचं) भोक आधी तपासायचं. तेल आणि मळी हे गुन्हेगार मात्र तेच. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीचे नियम राज्यागणिक बदलतात, भारतात तिला परवाना लागतोच, तेव्हा सामानातून इकडची तिकडे नेण्याचा विचारही नको.

आणि पॅनमधली रंजकच पेटत नसेल, तर ते दुखणं वेगळं. तिथे चकमकीवर संशय घ्यायला हरकत नाही. चकमकीची धार फ्रिझनच्या पूर्ण रुंदीला समांतर लागते का बघा, कातड्यात ती हलते का बघा, फ्रिझनला तेलाचं बोट लागलं असेल तर पुसा. एवढं करूनही ठिणग्या मरतुकड्या, लालसर आणि थोड्याच पडत असतील, तर बारीक कानस फ्रिझनच्या कडेवर हलकेच फिरवा. घसरली तर पोलाद कडक आहे. चावली तर मऊ आहे, आणि ते पुन्हा पाणी देऊन कडक करून घ्यावं लागेल. लॉक बनवणाऱ्याकडेच पाठवा.